हिमोग्लोबिन १८, प्लेटलेट ९ लाख: रक्त गरजेपेक्षा जास्त का तयार होतं?

आपल्याकडे रक्ताची तक्रार म्हटली की ती कमतरतेची. पालेभाज्या खा, गूळ-शेंगदाणे खा, लोहाच्या गोळ्या घ्या, हे सल्ले घरोघरी पाठ असतात. त्यामुळे रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १८ आलं की घरचे उलट खूश होतात. ‘रक्त भरपूर आहे, काळजी नाही!’ पण रक्तात पेशी जास्त असणं हीही तक्रार असू शकते, आणि काही वेळा तिच्यामागे हाडांच्या गाभ्यातला एक संथपणे वाढणारा आजार असतो. अशा आजारांच्या गटाला मायलोप्रोलिफरेटिव्ह निओप्लाझम किंवा थोडक्यात एमपीएन म्हणतात. त्यातले मुख्य तीन: पॉलिसायथेमिया व्हेरा, ज्यात प्रामुख्याने लाल पेशी वाढतात, इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया, ज्यात प्लेटलेट वाढतात, आणि प्रायमरी मायलोफायब्रोसिस, ज्यात अस्थिमज्जेत तंतूंचं जाळं तयार होऊन तिथली जागा घट्ट होत जाते.

हातात ‘जॅक-२ पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट आला की रुग्ण आणि नातेवाईक जवळपास तेच प्रश्न विचारतात. हे कशामुळे झालं? हा कॅन्सर आहे का? आणि आमच्या मुलांना होईल का? या सगळ्यांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात: अस्थिमज्जेतल्या एका पेशीत, एका जनुकात झालेल्या अगदी छोट्या बदलात. तो बदल नीट समजला तर औषधांची चिठ्ठीही समजायला लागते.

आधी हे लक्षात घ्या

जास्त आकडा दिसला म्हणजे एमपीएनच, असं नाही. किंबहुना बहुतेक वेळा कारण दुसरंच निघतं. धूम्रपान, फुप्फुसांचा जुनाट आजार, झोपेत श्वास अडकण्याची तक्रार, शरीरातलं पाणी कमी होणं यांनी हिमोग्लोबिन वाढतं. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्यांनी आणि टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनीही ते वर जातं. प्लेटलेटचंही तसंच. जंतुसंसर्ग, क्षयरोग, सांध्यांची सूज आणि लोहाची कमतरता ही त्या वाढण्याची नेहमीची कारणं. म्हणून डॉक्टर घाई न करता चाचणी पुन्हा करून बघतात. पुरुषांत हिमोग्लोबिन १६.५ च्या वर, स्त्रियांत १६ च्या वर, किंवा प्लेटलेट ४.५ लाख व त्याहून जास्त, हे आकडे टिकून राहिले आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर जनुकीय तपासणीचा विचार होतो.

रक्त बनवायचा हुकूम कोण देतं?

लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट, सगळ्यांचं मूळ अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींमध्ये असतं. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या लाल पेशी तयार होतात. एवढा मोठा कारखाना मनाला येईल तसा चालत नाही. मूत्रपिंड रक्तातल्या प्राणवायूचा अंदाज सतत घेत असतं. तो कमी पडला की मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सुटतं आणि अस्थिमज्जेला निरोप मिळतो: लाल पेशी वाढवा. प्लेटलेटसाठी असाच निरोप देणारं थ्रोम्बोपोएटिन मुख्यतः यकृतात तयार होतं.

हे संप्रेरक पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर त्याच्यासाठी एक प्रथिन बसवलेलं असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. घराच्या दाराशी असलेलं बेलचं बटण डोळ्यांसमोर आणा. बटण बाहेर असतं, बेल आत वाजते. इथे बटण म्हणजे रिसेप्टर, आणि आत वाजणारी बेल म्हणजे रिसेप्टरच्या आतल्या टोकाला चिकटून बसलेलं जॅक-२ हे प्रथिन. संप्रेरकाने बटण दाबलं की जॅक-२ जागं होतं आणि स्टॅट नावाच्या प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारतं. शिक्का मिळालेली स्टॅट प्रथिनं पेशीच्या केंद्रकात जाऊन सांगतात: वाढ, विभाजन कर, इतक्यात मरू नकोस. बोट बटणावरून निघालं की जॅक-२ पुन्हा झोपतं.

जॅक-२ ची रचना मजेशीर आहे. त्यात एकमेकांसारखे दिसणारे दोन भाग शेजारी असतात. एक प्रत्यक्ष शिक्का मारणारा. दुसरा दिसायला तसाच, पण त्याचं मुख्य काम पहिल्याला आवरून धरण्याचं. दोन तोंडांच्या जानस या रोमन देवावरून या प्रथिनांच्या कुटुंबाला जॅक हे नाव पडलं. सुरुवातीला शास्त्रज्ञ थट्टेत त्याचा अर्थ ‘जस्ट अनदर कायनेज’, म्हणजे ‘आणखी एक कायनेज’ असा सांगत. त्या ‘आणखी एका’ प्रथिनाने पुढे रक्तविज्ञानाचं एक आख्खं प्रकरण नव्याने लिहायला लावलं.

बोट काढलं तरी बेल वाजतच राहते

जॅक-२ हे प्रथिन १,१३२ अमिनो आम्लांची साखळी आहे. तिच्यात ६१७ व्या जागी व्हॅलिन हे अमिनो आम्ल असतं. पॉलिसायथेमिया व्हेराच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत त्या जागी फिनाइलअॅलॅनिन आलेलं असतं. डीएनएमध्ये हा फक्त एका अक्षराचा फरक आहे: ‘जी’च्या जागी ‘टी’. रिपोर्टवर हा बदल व्ही६१७एफ म्हणून लिहिलेला असतो. ही जागा नेमकी त्या आवरून धरणाऱ्या भागात आहे. तिथे बदल झाल्यामुळे पकड सुटते. मग एरिथ्रोपोएटिन असो वा नसो, जॅक-२ शिक्के मारतच राहतं.

म्हणूनच या रुग्णांच्या रक्तात एरिथ्रोपोएटिनचं प्रमाण सहसा कमी सापडतं. लाल पेशी आधीच भरपूर झालेल्या असल्यामुळे मूत्रपिंडाने निरोप देणं जवळपास थांबवलेलं असतं. अस्थिमज्जा मात्र निरोपाशिवायच कामाला लागलेली असते. एरिथ्रोपोएटिनची साधी रक्ततपासणी त्यामुळेच उपयोगी पडते. धूम्रपानाने किंवा फुप्फुसाच्या आजाराने हिमोग्लोबिन वाढलं असेल तर ते सहसा कमी झालेलं नसतं.

पेशी निरोपाशिवाय वाढतात, ही गोष्ट जनुक सापडण्याच्या कितीतरी आधी लक्षात आली होती. १९५१ मध्ये अमेरिकेतले रक्तविकारतज्ज्ञ विल्यम डॅमशेक यांनी हे आजार एकमेकांचे नातलग असावेत असं मांडलं, तेव्हा त्यांच्याकडे पुरावा होता तो फक्त बारकाईने केलेल्या निरीक्षणाचा. १९७४ मध्ये कॅनडात प्रचाल आणि अॅक्सेलराड यांनी पॉलिसायथेमियाच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. एरिथ्रोपोएटिन घातलं नाही तरी लाल पेशींचे पुंजके तयार झाले. निरोगी माणसाच्या पेशी तसं करत नव्हत्या. बिघाड बाहेरच्या निरोपात नाही, पेशीच्या आत आहे, हे तेव्हाच दिसलं होतं. तो नेमका कुठे आहे हे कळायला २००५ साल उजाडलं. त्या वर्षी पॅरिस, बासेल, केंब्रिज आणि बोस्टन इथल्या गटांनी जवळपास एकाच वेळी व्ही६१७एफ शोधून काढला.

आता एक प्रश्न उरतो. बिघाड एका प्रथिनात असेल तर अनेक रुग्णांत लाल पेशींबरोबर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही का वाढतात? कारण एरिथ्रोपोएटिनचा, थ्रोम्बोपोएटिनचा आणि पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या जी-सीएसएफचा, अशा तिन्ही रिसेप्टरांची आतली बेल जॅक-२ वर चालते. दारं तीन, बेल एकाच बनावटीची.

पॉलिसायथेमिया व्हेराच्या उरलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांत जॅक-२ च्याच दुसऱ्या तुकड्यात, एक्झॉन १२ मध्ये, बदल असतो. नेहमीच्या चाचणीत तो दिसत नाही. व्ही६१७एफ निगेटिव्ह, पण एरिथ्रोपोएटिन कमी आणि हिमोग्लोबिन जास्त असेल तर डॉक्टर एक्झॉन १२ ची चाचणी वेगळी मागवतात.

जॅक-२ निगेटिव्ह आलं तर?

इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया आणि मायलोफायब्रोसिस या दोन्हींत व्ही६१७एफ साधारण निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांतच सापडतो. उरलेल्यांचं काय, हे कोडं बरीच वर्षं होतं. २००६ मध्ये थोड्यांचं उत्तर मिळालं: त्यांच्यात थ्रोम्बोपोएटिनच्या रिसेप्टरमध्येच, म्हणजे एमपीएल जनुकात बदल असतो. बटणच दाबलेल्या अवस्थेत अडकलेलं. पण असे रुग्ण मोजकेच.

मोठं उत्तर २०१३ च्या अखेरीस आलं आणि ते अगदी अनपेक्षित ठिकाणचं होतं. कॅलरेटिक्युलिन या प्रथिनाचा पेशीविभाजनाच्या निरोपांशी तसा काहीच संबंध नसतो. पेशीच्या आत नव्या प्रथिनांच्या घड्या नीट पडताहेत की नाही हे बघणं आणि कॅल्शियम सांभाळणं हे त्याचं काम. त्याच्या जनुकाला, म्हणजे कॅल-आरला, एक्झॉन ९ मध्ये धक्का बसतो. काहींत ५२ अक्षरं गळतात, त्याला टाइप १ म्हणतात. काहींत ५ अक्षरं जास्तीची घुसतात, तो टाइप २. दोन्हींत पुढचा मजकूर सरकतो आणि प्रथिनाला भलतंच शेपूट येतं. अशा शेपटाचं कॅलरेटिक्युलिन थ्रोम्बोपोएटिनच्या रिसेप्टरला चिकटतं, त्याच्यासोबत पेशीच्या पृष्ठभागापर्यंत जातं आणि बटण सतत दाबून धरतं. घरातलाच माणूस बाहेर जाऊन बेल वाजवत बसावा, तसा हा प्रकार. हे शेपूट मुख्यतः प्लेटलेटच्या रिसेप्टरलाच धरतं, त्यामुळे कॅल-आरमुळे प्लेटलेट वाढतात किंवा मायलोफायब्रोसिस होतो. पॉलिसायथेमिया व्हेरात हा बदल जवळजवळ कधीच दिसत नाही.

या शोधाचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे. प्लेटलेट वाढलेल्या दोन रुग्णांपैकी कॅल-आर असलेल्याला रक्ताची गाठ होण्याचा धोका जॅक-२ असलेल्यापेक्षा सहसा कमी असतो, मग त्याचे आकडे जास्त का असेनात. मायलोफायब्रोसिसमध्ये टाइप १ कॅल-आर असणाऱ्यांचा आजार सहसा अधिक संथ चालतो. ‘माझे प्लेटलेट १२ लाख, शेजारच्या खुर्चीवरच्या काकांचे ६ लाख, मग त्यांनाच जास्त औषधं का?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. वयाचाही त्यात मोठा वाटा असतो, आणि आधी कधी गाठ झाली होती का याचाही.

तिन्ही जनुकं निगेटिव्ह असलेले रुग्णही असतात. त्यांच्यात निदान अस्थिमज्जेच्या तुकड्याच्या तपासणीवर ठरतं. आणि एक चाचणी सगळ्यांचीच करावी लागते, ती बीसीआर-एबीएलची. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा आजार सुरुवातीला असाच दिसू शकतो आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

बदल एक, आजार वेगवेगळे

तोच व्ही६१७एफ एकाला पॉलिसायथेमिया देतो, दुसऱ्याला नुसते प्लेटलेट वाढवतो आणि तिसऱ्याला मायलोफायब्रोसिसकडे नेतो. असं का, याची काही कारणं कळली आहेत. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एकाच प्रतीत बदल असेल तर जोर कमी आणि कल प्लेटलेटकडे. पेशी विभागताना कधी ९ व्या गुणसूत्राच्या तुकड्याची अदलाबदल होऊन दोन्ही प्रती बिघडलेल्या होतात. अशा पेशी पॉलिसायथेमियात जास्त सापडतात. शिवाय टेट-२, एएसएक्सएल-१ अशा इतर जनुकांतले बदल सोबतीला असू शकतात, आणि कोणता बदल आधी झाला यानेही फरक पडतो.

रिपोर्टवरचा ‘अलील बर्डन’ हा टक्का एवढंच सांगतो की तपासलेल्या डीएनएपैकी किती प्रती बदललेल्या आहेत. तो टक्का म्हणजे कॅन्सरची स्टेज नव्हे. दुसऱ्या रुग्णाच्या टक्क्याशी तुलना करून रात्रीची झोप घालवू नका.

मुलांना होईल का?

बहुतेक सगळ्या रुग्णांसाठी उत्तर सरळ आहे: हा बदल तुम्ही आई-वडिलांकडून घेतलेला नाही आणि मुलांना दिलेलाही नाही. तो अस्थिमज्जेतल्या एका मूळ पेशीत जन्मानंतर, किंवा जन्माआधी गर्भात असताना झालेला असतो. शुक्रपेशी आणि बीजपेशींमध्ये तो नसतो. अलीकडच्या अभ्यासांत संशोधकांनी रुग्णांच्या पेशींची ‘वंशावळ’ मांडली, तेव्हा काहींत व्ही६१७एफ बालपणी किंवा गर्भातच झाल्याचं दिसलं. आजार मात्र कित्येक दशकांनी कळला. एका पेशीचं कुटुंब हळूहळू वाढायला एवढा वेळ लागतो. मागच्या वर्षी खाल्लेलं काही, एखादी लस, एखादा मानसिक धक्का यांवर खापर फोडण्यात अर्थ नाही, हे यावरून कळावं. ‘आईच्या पथ्यात चूक झाली’ असं तर मुळीच मनात आणू नये.

थोडा अपवाद आहे, तो लपवत नाही. रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांत हे आजार इतरांपेक्षा काही पट जास्त आढळतात, कारण असा बदल होण्याची किंवा तो टिकण्याची प्रवृत्ती थोडीशी वारशाने येते. पण मूळ आजारच इतका विरळ आहे की काही पट वाढूनही धोका कमीच राहतो. म्हणून तक्रार नसलेल्या मुलांची जॅक-२ चाचणी करून घेण्याची शिफारस नाही. शिवाय डेन्मार्कमध्ये सामान्य लोकांची अतिशय संवेदनशील चाचणी केली तेव्हा सुमारे ३ टक्के लोकांत हा बदल सूक्ष्म प्रमाणात सापडला, आणि त्यातल्या बहुतेकांना आजार नव्हता. अशा निकालाने मुलगा आयुष्यभर धास्तीत राहील, हाती काही लागणार नाही.

खरोखर वारशाने येणारं जास्त रक्त वेगळं असतं. फिनलंडचा स्कीपटू एरो मँतिरांता याने १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली. त्याच्या घराण्यात एरिथ्रोपोएटिनच्या रिसेप्टरमध्ये जन्मजात बदल होता. लहानपणापासून आणि घरातल्या अनेकांत हिमोग्लोबिन जास्त असेल तर डॉक्टर त्या दिशेने शोध घेतात.

मग हा कॅन्सर आहे का?

एका पेशीपासून निघालेलं आणि निरोप न जुमानता वाढणारं कुटुंब, ही कॅन्सरची व्याख्या इथे लागू होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये म्हणूनच नावात निओप्लाझम हा शब्द घातला. पण या शब्दाने डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते इथे सहसा नसतं. पॉलिसायथेमिया आणि इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमियाचे बहुतेक रुग्ण कित्येक वर्षं, अनेकदा दशकं, कामधंदा करत जगतात. थोड्यांत पुढे मायलोफायब्रोसिस होतो, त्याहून थोड्यांत ल्युकेमिया. रोजचा खरा शत्रू वेगळा आहे: रक्ताची गुठळी. पक्षाघात, हृदयविकार, पायाच्या शिरेतली गाठ. यकृतातून रक्त नेणाऱ्या शिराही बंद होऊ शकतात. पोटात पाणी झालेल्या तरुण रुग्णात कधी कधी हीच पहिली खूण असते, आणि तेव्हा रक्ताचे आकडे साधे दिसले तरी जॅक-२ तपासावं लागतं.

उपचारांचा अर्थ

पॉलिसायथेमियात रक्त काढून टाकतात, तेव्हा नातेवाइकांना कसंसंच होतं. पण घट्ट झालेलं रक्त पातळ करण्याचा तो सर्वांत जलद मार्ग आहे. हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांच्या खाली ठेवण्याचा आग्रह उगाच नाही. इटलीतल्या ३६५ रुग्णांच्या अभ्यासात, २०१३ मध्ये, ते ४५ ते ५० च्या दरम्यान ठेवलेल्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांमुळे मृत्यू आणि मोठ्या गुठळ्या मिळून जवळपास चौपट निघाल्या.

रक्त काढल्याने शरीरातलं लोह कमी होतं. ते बऱ्याच अंशी हवंच असतं, कारण लोहाअभावी अस्थिमज्जेला लाल पेशी वाढवता येत नाहीत. इथेच आपल्याकडे घोटाळा होतो. रिपोर्टमध्ये फेरिटिन कमी दिसतं, कोणीतरी आपुलकीने लोहाच्या गोळ्या सुरू करतं आणि हिमॅटोक्रिट काही आठवड्यांत उसळी घेतं. पॉलिसायथेमियाच्या रुग्णाने लोहाची गोळी, सिरप किंवा टॉनिक रक्तविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नये. भाजी-भाकरी नेहमीसारखी खा.

कमी मात्रेतली अॅस्पिरिन प्लेटलेटचा चिकटपणा कमी करते. मात्र प्लेटलेट १० लाखांच्या पुढे गेले असतील तर काहींत उलट रक्तस्राव होतो, कारण एवढे प्लेटलेट रक्त गोठवायला लागणारा व्हॉन विलब्रँड घटक संपवून टाकतात. तेव्हा अॅस्पिरिन स्वतःहून सुरू करू नका. धोका जास्त असेल तर हायड्रॉक्सीयुरिया पेशींचं उत्पादन आवरते. इंटरफेरॉन काही रुग्णांत बदललेल्या पेशींचं प्रमाणच हळूहळू खाली आणतं.

‘ल्युकेमियासाठी ती एक गोळी निघाली, तशी आमच्यासाठी का नाही?’ असं विचारतात ते इमॅटिनिबबद्दल. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात बीसीआर-एबीएल हे प्रथिन फक्त बिघडलेल्या पेशींतच असतं, त्यामुळे २००१ मध्ये आलेल्या त्या गोळीला नेम धरणं सोपं गेलं. जॅक-२ चं तसं नाही, निरोगी रक्तालाही ते लागतं. रुक्सोलिटिनिब, २०११ पासून वापरात असलेली गोळी, जॅक-२ च्या शिक्का मारणाऱ्या भागावर बसते. तो भाग बदललेल्या आणि निरोगी प्रथिनात सारखाच असतो. त्यामुळे वाढलेली प्लीहा, म्हणजे पाणथरी, लहान होते, रात्रीचा घाम आणि अंगाची खाज कमी होते, पण हिमोग्लोबिनही खाली येऊ शकतं आणि मूळ बिघडलेलं कुटुंब सहसा पुसलं जात नाही. ही गोळी अचानक बंद केल्यास त्रास उफाळून येतो, तेव्हा प्रवासाला जाताना ती पुरेशी सोबत ठेवा. कॅल-आरचं ते भलतं शेपूट मात्र फक्त बिघडलेल्या पेशींवरच दिसतं. त्यालाच लक्ष्य करणाऱ्या अँटिबॉडीच्या चाचण्या रुग्णांमध्ये सुरू झाल्या आहेत.

अंघोळीनंतर अंगभर खाज, तळहात-तळपाय लाल होऊन जळजळणं, डाव्या बरगडीखाली जडपणा, थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटणं, या तक्रारी पुढच्या भेटीत न विसरता सांगा. चेहरा वाकडा होणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, एका पायाला अचानक सूज, पोटात तीव्र दुखणं यांपैकी काही झालं तर भेटीची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. कुठलीही शस्त्रक्रिया, अगदी दात काढायचा असला तरी, आधी त्या डॉक्टरांना हा आजार सांगा. मूल हवं असेल तर स्त्री असो वा पुरुष, तो विचार गर्भधारणेच्या आधीच रक्तविकारतज्ज्ञाशी बोला, कारण हायड्रॉक्सीयुरिया तेव्हा बदलावी लागते, आणि स्त्रियांसाठी त्या काळात इंटरफेरॉनचा पर्याय असतो.